'रॉकी हँडसम' मुलांनी बघावा का?



गेल्या काही महिन्यांत बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही लिहून झाली की चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, आमचं पोरगं मोबाईलवर कोरियन मारामारीचे पिक्चर बघतं. बघू द्यावेत का?" विचारणारीनं तो पिक्चर स्वतः पाहिलेला नसतो. स्वयंपाक करता करता तिच्या कानावर किंकाळ्या येतात, चाकूचा आवाज येतो. कधी पोराच्या तोंडून एखादी नवी शिवी येते. मग ती मोबाईल हिसकावून घेते आणि पोरगं दुसऱ्या दिवशी मित्राच्या मोबाईलवर उरलेला पिक्चर पूर्ण करतं.

मोघम बोलून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. म्हणून आज एकच चित्रपट घेऊ आणि तो नीट समजून घेऊ. एक समजला की तशा बाकीच्यांना काय प्रश्न विचारायचे ते आपल्याला कळेल. पुढं जे सांगणार आहे ते मोठ्यांसाठी आहे. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना जरा अंगणात खेळायला पाठवा.

हा चित्रपट कुठला?

मूळ चित्रपट दक्षिण कोरियाचा, २०१० सालचा. दिग्दर्शक ली जियोंग-बम. इंग्रजीत त्याला 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' म्हणतात, पण कोरियन भाषेत नाव आहे 'अजोशी'. अजोशी म्हणजे आपल्याकडे मुलं ओळखीच्या किंवा अनोळखी मोठ्या माणसाला 'काका' म्हणतात ना, तोच शब्द. त्या वर्षी कोरियात लागलेल्या तिथल्या चित्रपटांत सगळ्यात जास्त तो चालला. साठ लाखांहून जास्त तिकिटं खपली. आणि लक्षात घ्या, कोरियात त्याला मोठ्यांसाठीचं प्रमाणपत्र होतं. ज्यांनी बनवला त्यांच्याच देशात तो मुलांना दाखवायला बंदी होती.

त्यावरून २०१६ च्या मार्चमध्ये हिंदीत 'रॉकी हँडसम' आला. नायक जॉन अब्राहम, कथा गोव्यात घडते. दिग्दर्शक आपला मराठी माणूस, निशिकांत कामत. 'डोंबिवली फास्ट' त्यांचा. रितेश देशमुखचा 'लय भारी' आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिला असेल, तोही त्यांचाच. २०२० साली त्यांचं निधन झालं. 'रॉकी हँडसम'मधल्या मुख्य खलनायकाचं काम त्यांनी स्वतः केलं आहे. ही माहिती जपून ठेवा, पुढं मुलांशी बोलताना कामाला येणार आहे.

गोष्ट काय आहे?

एक एकटा, अबोल माणूस गहाणवटीचं दुकान चालवतो. लोक वस्तू ठेवतात, पैसे नेतात. शेजारी एक लहान मुलगी राहते. तिची आई नशेच्या आहारी गेलेली, मुलीकडं लक्ष द्यायला तिला भान नाही. मुलगी या दुकानात येऊन बसते, जेवते, बडबड करते. कोरियन चित्रपटात तिचं नाव सो-मी, हिंदीत नाओमी.

आई एका टोळीची नशेची पुडी चोरते आणि ती एका बॅगेत लपवून याच दुकानात गहाण ठेवते. टोळी आईला आणि मुलीला पळवते. आईचा मृतदेह पुढं गाडीच्या डिकीत सापडतो, आतले अवयव काढून घेतलेला. ही टोळी पळवलेल्या मुलांकडून नशेचा माल बनवून घेते, वाहून नेते आणि मुलांचे अवयवही विकते. दुकानदार हा पूर्वी सरकारी गुप्त दलातला जवान असतो. तो मुलीच्या शोधात निघतो आणि एकेकाला मारत जातो. शेवटी एका बंद जागेत एकटा माणूस चाकू घेऊन डझनावारी माणसांशी लढतो. मुलगी वाचते. हिंदीतही कथा जवळजवळ तशीच ठेवली आहे.

पोरं मोबाईलवर जे बघतात ते बहुतेक वेळा हा दोन तासांचा चित्रपट नसतोच. दहा मिनिटांत 'हिंदीत समजावून सांगितलेली' गोष्ट असते, नाहीतर तीस सेकंदांची चाकूची लढाई, वर गाणं टाकलेलं. म्हणजे मुलीची गोष्ट, तिचं एकटेपण, शेवटचं रडणं सगळं गेलं. उरलं फक्त मारणं.

त्यात नेमकं काय काय दिसतं?

एक, मारामारी. ही हिरोनं हवेत उडवलेल्या गुंडांची मारामारी नाही. चाकू शरीरात जाताना दिसतो, रक्त दिसतं, माणूस मरताना दिसतो.

दोन, मुलांवरचा अत्याचार. पळवलेली, मारलेली, कामाला जुंपलेली मुलं दिसतात. मोठ्या माणसाला मारलेलं पाहून मूल जितकं घाबरत नाही, तितकं आपल्या वयाचं मूल संकटात पाहून घाबरतं.

तीन, अवयव काढणं. प्रेतं आहेत, ऑपरेशनचं टेबल आहे. बरणीत ठेवलेले डोळे दाखवून ते त्या मुलीचे आहेत असं सांगितलं जातं. ते तिचे नसतात हे नंतर कळतं. पण अर्ध्यात चित्रपट बंद केलेल्या मुलाला ते कधीच कळत नाही.

चार, नशा. सुई, पावडर, नशेत पडलेली आई. हे परदेशातलंच आहे असं समजू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतून पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रॉन पकडलं. पोरं त्याला 'एमडी' म्हणतात. आपल्या श्रीगोंद्यापासून कुरकुंभ किती लांब आहे ते तुम्हीच सांगा.

पाच, शिव्या, दारू, सिगारेट. हे सगळीकडं आहेच, त्यात वेळ घालवत नाही.

कुठल्या वयाला काय होतं?

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत पडद्यावरचं खरं आणि खोटं यातला फरक मुलाला पक्का कळत नाही. 'ते खोटं असतं' असं सांगून भीती जात नाही, कारण त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. रात्री उठणं, अंथरूण ओलं होणं, अंधारात संडासला एकटं न जाणं हे या वयात दिसतं.

आठ ते बारा वर्षांच्या मुलाला अभिनय कळतो, पण त्याच्या मनात दुसरीच भीती बसते: हे माझ्या बाबतीत होऊ शकतं. शाळेच्या रस्त्यावर पांढरी व्हॅन थांबली की त्याच्या पोटात गोळा येतो. ते सांगत नाही. "शाळेत जायचं नाही, पोट दुखतंय" एवढंच म्हणतं.

तेरा वर्षांपुढं भीती कमी होते आणि आकर्षण वाढतं. न बोलणारा, न हसणारा, मारून शांतपणे निघून जाणारा माणूस भारी वाटतो. भांडण झालं की हात उचलणं ही मर्दानगी वाटते. चाकू घेऊन काढलेले फोटो स्टेटसला येतात. हत्यारासोबतचे असे फोटो पोलिसांपर्यंत पोचतात आणि गुन्हे दाखल होतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. हा चित्रपट, कोरियन असो की हिंदी, अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नाही. दहावी-बारावीतल्या मुलानं बघितलाच असेल तर आरडाओरडा न करता त्याच्याशी बोला. कसं बोलायचं ते पुढं सांगते.

प्रमाणपत्र कसं वाचायचं?

चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर एक कागद दिसतो, आपण तेव्हा जागा शोधत असतो. त्या कागदावर मुलाचं वय लिहिलेलं असतं. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी. 'ए' म्हणजे फक्त अठरा वर्षांवरच्यांसाठी. मधला 'यूए' म्हणजे आईवडिलांनी विचार करून दाखवावा. पूर्वी हा एकच मधला प्रकार होता. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी त्याचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. यातला आकडा त्या वयाखालच्या मुलांच्या पालकांसाठी सूचना आहे. 'ए' मात्र सूचना नाही, मनाई आहे. 'रॉकी हँडसम'सारख्या २०१६ च्या चित्रपटावर हे नवे आकडे नव्हते, म्हणून जुन्या चित्रपटांबाबत आपल्यालाच जास्त चौकशी करावी लागते.

नेटफ्लिक्स, प्राइम यांसारख्या ठिकाणी २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार असेच वयाचे आकडे दाखवावे लागतात. हिंसा आहे, नशा आहे, असं थोडक्यात लिहावं लागतं. यूए १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना कुलूप लावायची सोय त्यांनी द्यायलाच हवी. ते कुलूप म्हणजे आकड्यांचा पिन. तो मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका, त्याला पहिला तोच सुचतो.

खरी अडचण पुढंच आहे. थिएटरच्या दारात तिकीट तपासणारा माणूस 'ए' चित्रपटाला लहान मुलाला आत सोडत नाही. टेलिग्रामवर आलेल्या चोरीच्या पिक्चरला, मेमरी कार्डात भरून दिलेल्या फाईलला, व्हॉट्सॲपवरच्या तुकड्याला कुठलंच प्रमाणपत्र नसतं. तिथं दारात कोणी उभं नसतं. तिथं आपल्यालाच उभं राहावं लागतं.

त्यासाठी घरात करता येतील अशा चार गोष्टी सांगते. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'रिस्ट्रिक्टेड मोड' चालू करा आणि 'ऑटोप्ले' बंद करा, म्हणजे एक संपला की दुसरा आपोआप सुरू होणार नाही. लहान मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' वेगळं आहे, ते टाका. व्हॉट्सॲपमध्ये व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. आणि मुलाचा वेगळा मोबाईल असेल तर गूगलचं 'फॅमिली लिंक' हे मोफत ॲप आहे, त्यातून वेळ ठरवता येते. हे जमत नसेल तर गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला बैठकीला बोलवा. दहा मिनिटांत सगळ्यांचे मोबाईल करून देईल. यातलं काहीच शंभर टक्के चालत नाही, पण कुंपण घातलं म्हणून राखण सोडत नाही ना आपण, तसंच हे.

चित्रपट बघून मनात राहणाऱ्या तीन चुकीच्या समजुती

पहिली, मुलं पळवून अवयव काढतात. हे भूत फक्त मुलांच्या नाही, मोठ्यांच्याही मानगुटीवर बसतं. म्हणून खरं काय ते समजून घेऊ. किडनी बसवायची तर रक्तगट आणि इतर तपासण्या जुळाव्या लागतात, सुसज्ज ऑपरेशन थिएटर लागतं, डॉक्टरांचं पथक लागतं. १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या रुग्णालयातच हे करता येतं. बरणीतले डोळे ही तर निव्वळ कल्पना आहे, कारण पूर्ण डोळा बसवून कोणाला दृष्टी देता येत नाही. नेत्रदानात डोळ्यावरचा पारदर्शक पडदा वापरतात. माणूस गेल्यावर साधारण सहा तासांत ते दान करावं लागतं आणि ते नातेवाइकांच्या संमतीनंच होतं.

मग किडनीचा काळा धंदा नसतोच का? असतो, पण तो व्हॅनमधून येत नाही. २०१५ च्या अखेरीस अकोल्यात असं प्रकरण उघडकीला आलं. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या गरीब माणसांना पैशाचं आमिष दाखवून किडनी द्यायला लावलं होतं. फसलेली माणसं आपल्यासारखीच होती, मोठी आणि कर्जानं पिचलेली. त्यापासून वाचवणारी गोष्ट म्हणजे सावकाराच्या दारात जायची वेळ येऊ न देणं. आपल्या गटाची वही तेच काम करते.

चुकीच्या समजुतीनं काय होतं तेही ऐका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरून एका मुलाला उचलून नेतात. तो कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीतला तुकडा होता. जाहिरातीच्या शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि सावध राहा असं सांगतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. अभिनय होता, तो बातमी म्हणून फिरला.

आपल्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेला भटक्या समाजातली किती माणसं येतात ते आपल्याला माहीत आहे. दारात आलेल्या गोसाव्याला आपल्या आज्यांनी पसाभर धान्य वाढलं. आपल्या मुलानं त्याच माणसाकडं बघून दार लावून घ्यावं, दगड उचलावा, असं आपल्याला वाटतं का? म्हणून पळवापळवीचा तुकडा मोबाईलवर आला की आधी विचारायचं: हा कुठला, कधीचा, याच्या आधी आणि नंतर काय होतं? कळत नसेल तर पुढं पाठवायचा नाही.

दुसरी चुकीची समजूत, अबोल शेजारी म्हणजे छुपा देवमाणूस. चित्रपटात मुलगी एकट्या पुरुषाच्या घरी जाऊन बसते आणि तो चांगला निघतो. गोष्टीत ते ठीक आहे. मुलांना घरचा नियम वेगळा सांगायला हवा: कोणाच्याही घरी जाताना सांगून जायचं, मग तो काका असो, मामा असो, की दादा. 'हे आईला सांगू नकोस' असं जो म्हणेल, त्याचीच गोष्ट आईला पहिली सांगायची. त्यात घाबरवणं नाही. रस्ता ओलांडायला शिकवतो तसं शांतपणे शिकवायचं.

तिसरी, पोलीस काही करत नाहीत, मारणाराच वाचवतो. असे बहुतेक चित्रपट याच समजुतीवर उभे असतात. आपल्या मुलांना मदतीची खरी दारं माहीत हवीत. १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, मूल स्वतः लावू शकतं, पैसे लागत नाहीत. ११२ वर पोलीस मिळतात. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, तिच्यात सरपंच आणि अंगणवाडी सेविका असतात. तुमच्या गावची समिती शेवटची कधी बसली ते ग्रामसभेत विचारा. जिल्ह्याला बाल कल्याण समिती आहे. घरच्या भिंतीवर १०९८ खडूनं लिहून ठेवला तरी चालेल.

पाहून झालाच असेल तर?

पहिलं वाक्य "कशाला बघितलास?" हे नको. त्या वाक्यानं मूल गप्प होतं आणि पुढचं सगळं मनात ठेवतं. त्याऐवजी जवळ बसून विचारा, "कुठला भाग डोळ्यासमोर येतो सारखा?" लहान असेल तर चित्र काढायला द्या. ते जे सांगेल ते पूर्ण ऐका.

मग निशिकांत कामतांची गोष्ट सांगा. तो क्रूर वाटणारा माणूसच चित्रपटाचा दिग्दर्शक होता. तोच सगळ्यांना 'असं उभे राहा, असं पडा' सांगायचा आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन खलनायकाचं काम करायचा. 'लय भारी'ही त्यानंच बनवला. रक्त म्हणजे रंग. सो-मीचं काम करणारी मुलगी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती, रोज काम संपलं की घरी जायची. मुलाला 'खोटं असतं' एवढंच सांगण्यापेक्षा ते कसं बनतं हे सांगितलं की भीती लवकर उतरते.

वयात आलेल्या मुलाशी वेगळं बोला. त्याला विचारा, "त्यानं इतक्यांना मारलं, पण मुलगी वाचली कशामुळं?" चित्रपट नीट पाहिला असेल तर तो थांबून आठवेल. मुलीनं टोळीतल्याच एका मारेकऱ्याच्या कपाळावरच्या जखमेला पट्टी लावलेली असते. त्या पट्टीची आठवण ठेवून तोच माणूस तिला वाचवतो. चाकूची लढाई होते तोवर मुलगी आधीच वाचलेली असते. हे मुलाच्या लक्षात आणून दिलं तर पुढचं बोलणं तोच करेल.

दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप उडालेली असेल, शाळा टाळणं चालू असेल, खेळणं-जेवण कमी झालं असेल, किंवा मूल प्राण्यांना, लहान भावंडांना मारायला लागलं असेल, तर थांबू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस फोन आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. अंगारा-धुपारा करायचा असेल तर करा, पण हा फोनही लावा.

ऊसतोडीच्या दिवसांत

आता सगळ्यात अवघड भागावर येते. दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या कितीतरी जोड्या कोयता घेऊन कारखान्यावर जातात. पाच-सहा महिने. मुलं शाळेसाठी आजीजवळ राहतात. आईवडिलांशी बोलता यावं म्हणून घरात एक मोठा मोबाईल ठेवला जातो. संध्याकाळी पाच मिनिटं आईशी बोलणं होतं, पुढचे चार तास मोबाईल मुलाच्या हातात. आजीला त्यातलं काही कळत नाही, आणि मूल शांत बसलंय म्हणून तीही निवांत.

त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. मुलगी रस्त्यात चोरीच्या आळावरून पकडली जाते. दुकानदार समोरून येताना दिसतो. ती त्याच्याकडं बोट दाखवून 'हे माझे वडील' असं सांगते आणि तो ओळख न देता निघून जातो. नंतर ती त्याला सांगते की तरीही तुझा राग धरणार नाही, कारण मग माझं म्हणावं असं कोणीच उरत नाही. मला वाटतं, साऱ्या रक्तापेक्षा हा प्रसंग जास्त जड आहे. आणि एकटं मूल रात्री गोधडीत हा चित्रपट बघतं तेव्हा त्याला हे सगळ्यात आधी कळतं.

याच संदर्भात आणखी एक खरी गोष्ट सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातून तीन मुली निघाल्या. एक अकरा वर्षांची, दोघी तेरा वर्षांच्या. तीन मुलींना जबरदस्तीनं गाडीत घालून नेलं जातंय, असा फोन त्यांनीच केला. पोलिसांनी एसटीचा माग काढून त्यांना सोलापूर जिल्ह्यात मोहोळला गाठलं. पुण्याला जायचं, काम करायचं, पैसे जमवायचे आणि दक्षिण कोरियाला जाऊन बीटीएस या गाण्याच्या गटातल्या मुलांना भेटायचं, असा त्यांचा बेत होता. बातमी वाचून लोक हसले. मला हसू आलं नाही. इतका मोठा बेत मनात चालला होता आणि तो सांगावा असं मोठं माणूस त्यांना आसपास दिसलं नाही.

कोरियाची गाणी ऐकणं, मालिका बघणं यात वाईट काही नाही. मुलं दूरचं जग बघतात, दोन शब्द शिकतात, चांगलंच आहे. फक्त ती काय बघतात हे कोणा एका मोठ्या माणसाला माहीत असायला हवं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत गटानं ठरवावं असं तीन गोष्टींचं सुचवते. एक, तोडीला जाणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या मुलांसाठी गावात राहणारी एक सभासद नेमायची. तिनं आठवड्यातून दोनदा घरी जाऊन मुलांजवळ बसायचं, मोबाईलवर काय बघतात ते त्यांच्याकडूनच ऐकायचं. दोन, रात्री नऊनंतर मोबाईल आजीच्या उशाशी, चार्जिंगला. हा नियम पूर्ण गल्लीनं एकदम पाळला तर एकट्या मुलाला शिक्षा वाटत नाही. तीन, आईनं फोनवर "जेवलास का, अभ्यास केलास का" याबरोबर तिसरा प्रश्न विचारायचा: "आज काय बघितलंस, मला सांग." पाचटात बसून ऐकलेली ती दोन मिनिटांची गोष्ट मुलाला आठवडाभर पुरते.

मुलानं एखाद्या नव्या पिक्चरचं नाव सांगितलं आणि तुम्हाला कळत नसेल, तर नाव कागदावर लिहून बैठकीला आणा. आपण मिळून शोधू, त्याचं प्रमाणपत्र बघू, गोष्ट समजून घेऊ आणि मग ठरवू.

आज इथंच थांबते. नमस्कार.